उधाणातली तारीख

ता. ४ नोव्हेंबर १९३१, बुधवार. अलिबाग

आज एक खुनाचा खटला घेतला आणि तो निव्वळ रागाने घेतला. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी सकाळपासून कोर्टाच्या आवारात हिंडत होती. माझ्या आधी तिघा वकिलांनी तिला वाटेला लावले होते. कारण काय, तर मेलेला सदा हा चौलच्या नारळी-पोफळीच्या एका मोठ्या वाडीवाल्याचा राखणदार, आणि त्या वाडीवाल्याची दिवाणी कामे ह्याच तिघांकडे. वर एकाने मला डोळा घालून सांगितले की असल्या कामात हात घालू नये, माशाचा वास लागतो. तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे त्या बाईला हाक मारली आणि कोंडाजी कारकुनाला वकीलपत्र लिहायला बसवले.

बाईचे नाव नीराबाई. मुलगा कान्हा, वय पंचवीस, दोन महिन्यांपासून हिराकोटाच्या तुरुंगात कच्चा कैदी. आरोप असा की ३० ऑगस्टला, रविवारी तिन्हीसांजेला, त्याने वाडीत शिरून सदाच्या डोक्यात कोयता घातला. मासळी वाळवायच्या जागेवरून दोघांची जुनी भांडणे होतीच. वाडीचा एक गडी म्हणतो की कंदिलाच्या उजेडात मी कान्हाला पळताना पाहिले. शाबीत झाले तर फाशी, नाहीतर काळे पाणी.

दुपारी हिराकोटात जाऊन कान्हाला भेटलो. तो म्हणतो, त्या दिवशी मी जमिनीवरच नव्हतो. नारळी पौर्णिमा झाली आणि हंगामाच्या पहिल्याच खेपेला तो चांगदेव तांडेलाच्या बोटीवरून गेला, आणि परतला तो सदा मेल्यावर दोन दिवसांनी. बोटीवर पाच माणसे. त्यातले दोघे मुंबईच्या गोदीत गेले, त्यांचा पत्ता कोणाला ठाऊक नाही. तिसरा कान्हाचा धाकटा भाऊ अनंता. सख्ख्या भावाच्या शब्दाला कोर्टात काय किंमत! राहिला तांडेल, बोटीचा म्होरक्या.

आणि हा तांडेल कान्हाचा वैरी आहे. त्याच खेपेत दोघांची मारामारी झाली, बोट किनाऱ्याला लागताच त्याने कान्हाला कामावरून हाकलले, आणि तेव्हापासून बोलणे बंद. म्हणजे असा माणूस शपथेवर म्हणाला की होय, कान्हा माझ्या बोटीवर होता, तर सरकारी वकील काय बोलणार आहे? सगळा खटला ह्या एका माणसावर उभा आहे. नीराबाईला तसे सांगितले. तिने विचारले की पोरगा कधी सुटेल, म्हाताऱ्याला काय सांगू. नवरा रघू अंगावरून वारे जाऊन खाटेवर पडला आहे आणि रोज तेवढेच विचारतो म्हणे. मी म्हटले, महिन्याच्या आत.

ता. १३ नोव्हेंबर, शुक्रवार

समन्स घेऊन गेलेला शिपाई हात हलवीत परत आला. शेरा काय, तर 'तांडेल दर्यावर, भेट नाही'. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीच बोट गेली म्हणे. सोमवारी खटला उभा राहणार आणि माझा एकुलता एक साक्षीदार समुद्रात मजा मारतो आहे! शिपायाला विचारले, तू तिथे थांबून का राहिला नाहीस? तो म्हणाला, किती दिवस थांबू साहेब, त्यांचे त्यांनाच ठाऊक. कोंडाजी मधेच बोलला की कोळ्यांचे येणे-जाणे पाण्याच्या हिशेबाने असते. त्याला म्हटले, तू तुझे नकलांचे काम बघ.

ता. १७ नोव्हेंबर, मंगळवार

काल आणि आज सरकारतर्फेचा पुरावा संपला. वाडीच्या गड्याला मी चांगला सोलून काढला. कंदील कोणाच्या हातात होता, कान्हाची पाठ दिसली की तोंड, किती हातांवरून, एकाचे उत्तर धड देईना. जज्जाबरोबर बसून मत देणाऱ्या चार असेसरांपैकी दोघे तरी हलले. सरकारी वकिलाचे तोंड उतरले. ह्याच वेळी तांडेल पिंजऱ्यात उभा राहिला असता तर आजच निकाल लागला असता. पण तांडेल कुठे आहे? त्याच्यावर समन्ससुद्धा बजावले गेले नाही.

काम थांबवण्याचा अर्ज दिला. बचावाचा मुख्य साक्षीदार हजर नसताना खुनाचा खटला पुढे रेटणे म्हणजे आरोपीचे हात बांधून त्याला मारणे, असे मी म्हणालो आणि ते चांगले म्हणालो. जज्जसाहेबांनी मान हलवली. मी परवापर्यंत इथे आहे, गुरुवारी एकोणीस तारखेला साक्षीदार आणता का, असे त्यांनी विचारले. मी सव्वीस मागितली. तयारीला अवधी हवा म्हणालो.

खरे कारण इथे लिहायला हरकत नाही. सौ.चे थोरले बंधू, हायकोर्टातले वकील, त्रिपुरीला मुंबईहून येत आहेत. चार वर्षे हा गृहस्थ मला 'आमचे अलिबागचे वकील' म्हणून हसत आला आहे. तांडेलाची साक्ष आणि माझे शेवटचे भाषण त्याने एकदा मागच्या बाकावर बसून ऐकावे. यात कोणाचे काय बिघडते? आरोपीला आठवडाभराने फरक पडत नाही, तो दोन महिने तिथेच आहे.

तारीख मागत असताना ती म्हातारी मागून माझा कोट ओढत होती. भर कोर्टात! बोटांवर तिथ्या मोजत, अष्टमी, नवमी करीत, पुनवेचे काहीतरी पुटपुटत होती. मागे वळून तिला दटावले की कोर्ट पंचांगावर चालत नाही, गप्प बस. बसली. जज्जसाहेबांनी सव्वीस दिली, पण सोबत ताकीदही दिली की ही तारीख तुम्ही स्वतः मागितलेली आहे, पुन्हा सबब ऐकणार नाही. मला त्यांचा तो सूर आवडला नाही.

ता. १८ नोव्हेंबर, बुधवार

कोंडाजीचा मेहुणा रेवदंड्याहून आला. तांडेल चार दिवस घरीच आहे, अंगणात जाळे शिवत बसला आहे, असे तो सांगतो. पाहा! म्हणजे माणूस घरी असतो. मग सव्वीसला यायला त्याला काय धाड भरली आहे? समन्स आजच पुन्हा पाठवले, आणि ह्या वेळी बजावलेही गेले. तांडेलाने अंगठा दिला. शिपाई म्हणतो, तो काही बोलला नाही, कागद उलटासुलटा करून बघितला आणि 'सव्वीस म्हंजी कधी' एवढेच विचारले. शिपायाने सांगितले, पुढच्या गुरुवारी.

सौ. जेवण वाढताना म्हणाली, तो घरीच आहे तर उद्याच का नाही बोलावून घेत? दादा येणार म्हणून का? मी पानावरून उठलो. बायकांनी कोर्टात डोके घालू नये.

ता. २५ नोव्हेंबर, बुधवार

मेहुणे काल आले. रेवसच्या वाटेवर टांग्याने त्यांची हाडे खिळखिळी केली हे चार वेळा सांगून झाले. रात्री समुद्रावर फिरून आलो, पाणी अगदी वरच्या नारळांपर्यंत आले होते, मेहुण्यांचे बूट भिजले. उद्याचे भाषण तीन वेळा मनाशी म्हणून पाहिले.

ता. २६ नोव्हेंबर, गुरुवार

तांडेल आला नाही.

अकरा वाजता पुकारा झाला, साडेअकराला झाला, बाराला झाला. शिपाई बोंब मारून परत येई आणि असेसर एकमेकांकडे बघत. एक असेसर पालीहून बैलगाडीने येतो, दुसऱ्यांदा आला बिचारा, तो तर उघडच पुटपुटू लागला. मेहुणे मागच्या बाकावर बसून सुपारी कातरत होते. मला त्या सुपारीचा आवाज जज्जसाहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येत होता.

समन्स हातात पडलेले, अंगठा दिलेला, आणि हा हरामखोर येत नाही! एका माणसाची मान फासात आहे, आणि ह्याला मासळी मोठी. जुने वैर काढतो आहे, दुसरे काय. कोर्टात मी तेच म्हणालो. साक्षीदार जाणूनबुजून टाळतो आहे, असे स्पष्ट बोललो. जज्जसाहेब रागाने लाल झाले होते, त्यांना महिनाअखेरीला ठाण्याला कामे आहेत. त्यांनी शनिवार, अठ्ठावीस, अकरा वाजता, एवढे दिले. तोवर साक्षीदार आला नाही तर बचाव संपला असे समजून असेसरांचे मत घेणार.

नीराबाई बाहेर पायरीवर बसली होती. तिच्यावरही ओरडलो, तुझ्या कोळीवाड्यात कोणाला माणुसकी आहे की नाही? ती मान खाली घालून म्हणाली, "दर्यावर हायत सगली. उधान हाय न, वकीलदादा." एवढेच. मी म्हटले, असू दे उधाण, मी जाऊन त्याला मानगूट धरून आणतो.

ता. २७ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ

अंग अजून हलते आहे. अक्षर वाकडे येत असले तर त्याला इलाज नाही.

पहाटे रेवदंड्याला पोचलो. दर्यावरच्या बोटींची मासळी किनाऱ्याला आणणारी एक लहान होडी निघत होती, तिच्यात बसलो. आयुष्यात कधी खाडीपलीकडे गेलो नव्हतो. अर्ध्या तासात पोटातले सगळे बाहेर आले, आणि मग नसलेलेही येऊ लागले. होडीवाले तोंड फिरवून हसत होते. दोन तासांनी बोट दिसली.

चांगदेव तांडेल म्हणजे साठीचा, काळा, पुढचा एक दात नसलेला माणूस. त्याने मला हात देऊन वर घेतले, पाणी दिले, आणि पुन्हा दोराकडे गेला. तोंड धुवायलाही त्याच्याकडे वेळ नव्हता. मी सगळे सुनावले, समन्स, कोर्टाचा अपमान, वॉरंट, तुरुंग. तो ऐकत होता आणि पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "पानी फिरला का जाल उचलाया लागतं. दिसातून दोन वक्त, रातचं दोन वक्त. एक वक्त चुकला तं जाल फाटल, न् मानसां संगती जातील. मी उतरलू तं ही चार पोरां कोनी सांभालायची?"

त्या चारांत अनंताही होता. कान्हाचा भाऊ! तोही दोर धरून उभा, माझ्याकडे एकदा बघून त्याने मान फिरवली. त्याच्यावर ओरडणार होतो, पण तेवढ्यात भरती संपून पाणी फिरले आणि बोटीवरची सगळी माणसे एकदम हलली. पुढचा अर्धा तास मी डोलकाठीला मिठी मारून बसलो. त्या दोराला काय ओढ असते हे मी पाहिले. एका पोराचा हात क्षणभर दोरात आला, तांडेल ओरडला, पोराने तो सोडवला. तांडेल तिथे नसता तर कोण ओरडले असते, मला सांगता येणार नाही.

जाळे वर आल्यावर त्याने मला समजावून सांगितले, पोराला सांगावे तसे. पुनव-अवसेला पाण्याला उधाण येते, तेव्हा मासळी, तेव्हा काम. अष्टमीच्या सुमाराला पाण्याचा जोर मोडतो, त्याला ते भांग म्हणतात. भांगात बोटी घरी असतात. आठ दिवस दर्यावर, सहा-सात दिवस घरी, हंगामभर असेच. रेवदंड्याच्या लहान पोरालाही हे ठाऊक असते.

मग त्याने विचारले, "मी गेल्या भांगात घरीच व्हतू. ही उधानाची तारीख कोनी दिली?"

मी म्हणालो, कोर्टाने.

"कोर्टाला कोनी सांगला न्हाय?"

तो म्हणाला, नवमीला, म्हणजे चार डिसेंबरला, मी आपणहून येतो, वॉरंट नको आणि शिपाई नको. कान्हा त्याच्या बोटीवर होता हे तो सांगणार आहे. "भांडान माजं त्याच्याशी हाय. खोट्याशी न्हाय."

उतरताना मला हात देऊन होडीत बसवले त्यानेच. घरी आल्यावर सौ.ने भात वाढला, गेला नाही. तारीख कोर्टानेच दिली आहे. हुकुमावर सही जज्जसाहेबांची आहे. मी फक्त मागितली.

ता. २८ नोव्हेंबर, शनिवार

आजचे सगळे लिहून ठेवतो.

कोर्टात जाताना अर्ज तयार होता: साक्षीदाराची प्रत्यक्ष भेट घेतली, तो कामाचे कारण सांगून येत नाही, सबब खटला चार डिसेंबरपर्यंत थांबवावा. जज्जसाहेबांनी वाचला आणि सरकारी वकिलाकडे दिला. तो हसत उठला. म्हणाला, माझ्या विद्वान मित्रांनीच परवा सांगितले की हा साक्षीदार जाणूनबुजून टाळतो आहे. का टाळतो, तर त्याला आरोपीसाठी खोटे बोलायचे नाही. खटला थांबवून तो येणार नाही, आणि आला तर आठ दिवस शिकवून आणलेला येईल.

माझेच शब्द माझ्या तोंडावर. परवा रागाच्या भरात मी त्या माणसाला लबाड ठरवून बसलो होतो. आता तो आला तरी त्याची साक्ष मीच डागाळून ठेवलेली. असेसर माना डोलावत होते. पिंजऱ्यात कान्हा उभा होता, इंग्रजी कळत नसल्यामुळे कधी ह्याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत. जज्जसाहेबांनी लेखणी उचलली.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, एक गोष्ट कोर्टापासून लपली आहे. साक्षीदार टाळत नाही, मी परवा जे बोललो ते माहितीवाचून बोललो आणि ते परत घेतो. सतरा तारखेला कोर्टाने एकोणीस देऊ केली होती. एकोणीसला तांडेल घरी बसलेला होता. मी ती नाकारली, तयारीसाठी नव्हे, माझ्या घरी पाहुणा येणार होता आणि त्याने माझे भाषण ऐकावे अशी माझी इच्छा होती. सव्वीस हा उधाणाचा दिवस आहे हे मला ठाऊक नव्हते आणि ज्यांना ठाऊक होते त्यांना मी बोलू दिले नाही. शिक्षा द्यायची तर मला द्यावी, आरोपीला नको.

मागच्या बाकावरची सुपारी थांबली.

जज्जसाहेबांनी उचललेली लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "वीस वर्षांत वकिलांच्या सबबी पुष्कळ ऐकल्या, ही पहिल्यांदा ऐकतो आहे." त्यांनी हुकूम लिहिला. बचावाच्या वकिलाचे अज्ञान आणि बेपर्वाई, असे शब्द त्यात आहेत, आणि ते कायम राहणार. खटला चार डिसेंबरपर्यंत तहकूब.

मेहुणे दुपारीच टांगा सांगून निघून गेले. जावोत. मला हलके वाटते आहे. आपल्या तोंडाने आपली चूक भर कोर्टात सांगायला छाती लागते, ती ह्या अलिबागेत किती जणांना आहे? नीराबाईने पायरीवर विचारले, काय बोललाव साहेबाशी? मी म्हटले, आठवडा मिळाला, काळजी करू नको. तिने हात जोडले.

ता. १ डिसेंबर, मंगळवार

बाररूममध्ये मी गेलो की बोलणे थांबते. एकाने मुद्दाम विचारले, आज उधाण की भांग, वकीलसाहेब? त्याच्या अंगावर धावून गेलो असतो, कोंडाजीने धरले.

कोंडाजी रेवदंड्याची काहीतरी बातमी सांगत होता, नीराबाईच्या घरची. मी म्हटले, चार तारखेपर्यंत मला कोणाच्या घरचे काही सांगू नकोस.

ता. ४ डिसेंबर, शुक्रवार

तांडेल आला. पुकारा होण्याआधी तासभर येऊन झाडाखाली बसला होता, धुतलेला सदरा घालून. कोणी आणले नाही, कोणी बोलावले नाही.

साक्ष अर्धा तास झाली. त्याला इंग्रजी तारीख ठाऊक नव्हती, म्हणून मी विचारले, हंगामाची पहिली खेप कधी? त्याने धडाधड सांगितले: नारळी पौर्णिमेला नारळ सोडला, दुसऱ्या दिवशी पहाटे बोट काढली, पाचव्या दिवशी परत आलो. सगळे दिवस कान्हा बोटीवर. सरकारी वकिलाने उठून विचारले, तिसऱ्या दिवसाचे, म्हणजे खुनाच्या दिवसाचे, तुला इतके नक्की कसे आठवते? तांडेलाने ओठ वर करून पडलेल्या दाताची जागा दाखवली. म्हणाला, "त्याच दिशी सांजचं मी त्याच्या कानफाटात मारली. दोर सोरला व्हता त्यानी. त्यानी मना ठोसा दिला न् ह्यो दात परला. इसरन कसा?" सगळे कोर्ट हसले. जज्जसाहेबही. मला हसू आले नाही, रडू येईल की काय असे वाटले.

एक गोष्ट मात्र खटकली. ज्या बाईच्या पोरासाठी हे सगळे चालले होते ती नीराबाई आज पुढे आलीच नाही. पदर कपाळावर पार डोळ्यांपर्यंत ओढून मागच्या भिंतीला एकटी बसली होती, कोणी जवळून गेले की अंग चोरत होती. तांडेल बोलत असताना वर बघितलेसुद्धा नाही. मला राग आला. एवढे केले ते कोणासाठी?

निकाल उद्या.

ता. ५ डिसेंबर, शनिवार

कान्हा सुटला. तीन असेसर निर्दोष म्हणाले, पालीवाला एकटा दोषी म्हणाला. जज्जसाहेबांनी निकालात लिहिले की तांडेलाच्या साक्षीवर अविश्वास ठेवायला तिळमात्र जागा नाही.

दुपारी हिराकोटाच्या दारात उभा राहिलो. सकाळी तांडेल गावाला परत गेला होता, उद्यापरवा पुन्हा बोट काढायची म्हणून. अनंता होता, कोंडाजी होता, आणि नीराबाई रस्त्यापलीकडे. कान्हा बाहेर आला आणि आईकडे धावला. ती मागे सरली. "शिवू नको," म्हणाली. "सुतक हाय."

पदर मागे गेला तेव्हा मला तिचे कपाळ दिसले. आणि मनगटे.

रघू गेल्या रविवारी गेला. एकोणतीस तारखेला, सकाळी. कान्हा कोठडीत, अनंता उधाणात. चुलत्याने अग्नी दिला. अनंताला तीन दिवसांनी बोट लागल्यावर कळले. कान्हाला कोणी सांगितले नव्हते, त्याला आत्ता, त्या रस्त्यावर कळले. तो उभ्या उभ्या खाली बसला आणि हाताने माती उकरू लागला. रडला नाही. आईला एवढेच विचारले, माझे नाव काढले का? ती म्हणाली, रोज.

हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला. एकोणीसला साक्ष झाली असती. वीसला, फार तर एकवीसला तो घरी असता. आठ दिवस बापाजवळ बसला असता. ते आठ दिवस मी मेहुण्याला भाषण ऐकवायला घेतले होते, आणि त्यानंतर ते भाषण झालेच नाही.

आणि मला आणखी एक कळले, तेव्हाच, त्या रस्त्यावर. अठ्ठावीसला भर कोर्टात मी जी छाती दाखवली ती इंग्रजीत दाखवली. जज्जसाहेबांना कळले, मेहुण्याला कळले, बाररूमला कळले. ज्यांचे नुकसान केले त्यांना त्यातला एक शब्द कळला नव्हता, आणि पायरीवर तिने विचारले तेव्हा मी काय सांगितले? आठवडा मिळाला.

नीराबाईने लांबूनच जमिनीला हात लावून मला नमस्कार केला. म्हणाली की तुमच्यामुळे पोर परत आले. ते मला सोसवले नाही. मी रस्ता ओलांडून तिच्यासमोर गेलो आणि मराठीत सांगितले, एकेक शब्द. तारीख मी मागितली. साहेब लवकरची देत होता. पाहुण्यासाठी मी नाही म्हणालो. नाहीतर हा बाप जाण्याआधी घरी आला असता.

कोंडाजी दुसरीकडे बघू लागला. अनंताने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्यापैकी कोणाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हते.

नीराबाई म्हणाली, "ठावं हाय आमाला, वकीलदादा. तारीख मांगली त्याच दिशी कोंडाजीकरनं कललं व्हतं."

मी विचारले, मग बोलली का नाहीस? मागून हळू नको, मोठ्याने, जज्जसाहेबांना ऐकू जाईल असे का नाही बोललीस? अनंता, तू बोटीवर होतास, तू का नाही बोललास?

तिने मान खाली घातली. तिला वाटले मी पुन्हा रागावलो. हळूच म्हणाली, "तुमी रागीट हायत. बोललो असतो न् तुमी काम टाकून गेला असता, तं आमी कोनाच्या दारात जायाचा व्हता? तिघांनी तं आदीच हाकललं व्हतं."

ती तिघे रेवदंड्याच्या रस्त्याला लागली, ती मुलांच्या चार हात मागून. मला तिला हाक मारायची होती. मारली नाही. मारली असती तर ती थांबली असती, घाबरून.